‘काही करत नाही हो तो!’

कुत्रा असलेल्या घराची बेल वाजवली की आतल्या भुंकण्यापाठोपाठ हे वाक्य हमखास ऐकू येते. मालक मनापासून बोलत असतो. पाहुणा भिंतीला चिकटून उभा, कुत्रा त्याच्या पायाशी आणि मालकाच्या चेहऱ्यावर कौतुक. बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण एखाद्या दिवशी होते. मग दवाखान्यात दुसरे वाक्य ऐकू येते : ‘अचानक चावला. आजवर कधी असे केले नव्हते.’

या दोन वाक्यांच्या मध्ये जे राहून जाते, त्याविषयी हा लेख आहे. तीव्र वेदना किंवा मेंदूचा आजार असे अपवाद सोडले, तर घरातला कुत्रा ‘अचानक’ चावत नाही. त्याआधी त्याने अनेकदा, अनेक प्रकारे ‘नको’ म्हटलेले असते. आपल्याला ते ऐकू आलेले नसते, कारण ते शब्दांत नसते. कुत्रा सांभाळणे म्हणजे खाणे, फिरवणे, अंघोळ आणि लस, एवढीच यादी आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की यादीतली पहिली गोष्ट त्याची भाषा समजणे ही आहे. बाकीची काळजी त्यातूनच येते, आणि ती नसेल तर बाकीचे लाड बऱ्याचदा त्याच्या गैरसोयीचेच ठरतात.

राखणदार आणि बाळ

आपल्या घरांत कुत्रा साधारण दोनपैकी एका नात्याने येतो. एक म्हणजे राखणदार. बंगल्याच्या फाटकाशी, शेतावरच्या घरापुढे, दुकानामागे साखळीला बांधलेला. त्याचे जग साखळीच्या लांबीएवढे. येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणे हे त्याचे काम, आणि तो जितका चिडका तितका ‘कामाचा’. दिवसभर एका जागी जखडलेला प्राणी चिडतो तो कंटाळ्याने आणि भीतीने, हे कोणाच्या लक्षात येत नाही. पळून जाण्याचा मार्ग ज्याला नाही, त्याच्याकडे घाबरल्यावर एकच उपाय उरतो : समोरच्याला पळवून लावणे.

दुसरे नाते बाळाचे. हे शहरी फ्लॅटमधले. त्याचा वाढदिवस होतो, केक कापला जातो, डोक्यावर टोपी चढते, त्याला ‘मम्माकडे ये’ म्हटले जाते. या प्रेमाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना, मुले परदेशी गेलेल्या जोडप्यांना, शाळेतून रिकाम्या घरी परतणाऱ्या मुलांना कुत्र्याने दिलेला आधार खरा असतो. पण बाळ मानले की आपण गृहीत धरतो की याला काय हवे ते आपल्याला ठाऊकच आहे. माणसाच्या बाळाला मिठी आवडते, मग यालाही आवडत असणार. माणूस हसला की खूश असतो, मग हा दात दाखवतो तेव्हा हसतच असणार.

राखणदाराला आपण वस्तू समजतो आणि बाळाला माणूस. दोन्हींत कुत्रा राहून जातो.

तो आपल्याला शिकला, आपण त्याला नाही

माणूस आणि कुत्रा यांचे नाते शेतीपेक्षाही जुने आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचे सुमारे सात महिन्यांचे पिल्लू होते. २०१८ मध्ये त्या पिल्लाच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला डिस्टेंपर हा गंभीर आजार झाला होता आणि तरीही ते काही आठवडे जगले होते, असे दिसले. कोणीतरी त्याला उबेत ठेवले असणार, पाणी पाजले असणार, साफ केले असणार. शिकारीच्या दृष्टीने त्या पिल्लाचा काडीचा उपयोग नव्हता. आपल्याकडे दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध कांस्य रथावरही हाकणाऱ्याच्या पुढ्यात कुत्रा उभा आहे.

इतक्या सहवासात कुत्रा माणूस वाचायला शिकला. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या, कोणीही न शिकवलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले. अनोळखी माणसाने बोट दाखवले, की जवळ आलेली बरीच कुत्री दाखवलेल्याच भांड्याकडे जातात, असे २०२० मध्ये त्यांनी दाखवून दिले. बुडापेस्टच्या संशोधकांनी जाग्या कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवले आणि त्यांच्याशी बोलून पाहिले. २०१६ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला : कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर हे दोन्ही जुळले, तरच कुत्र्याच्या मेंदूतले आनंदाचे केंद्र उजळते. गोड आवाजात निरर्थक बोललेले त्याला पुरत नाही. जपानमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात कुत्रा आणि मालक एकमेकांकडे पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते असे आढळले. आई आणि तान्हे मूल यांच्यातली ओढ घट्ट करणारे हेच संप्रेरक.

थोडक्यात, कुत्र्याने आपली भाषा बऱ्यापैकी अवगत केली आहे. प्रश्न आपला आहे.

गुरगुरणे म्हणजे उर्मटपणा नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज शेपटीचा. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. हलणारी शेपूट एवढेच सांगते की कुत्रा उत्तेजित आहे. आनंदाने की ताणाने, हे बाकीच्या शरीरावरून ओळखायचे. अंग सैल, कंबरेसकट डोलणारे, तोंड किंचित उघडे असेल तर स्वागत. शेपूट ताठ उभी, टोकाशी भरभर थरथरणारी, अंग आखडलेले, तोंड मिटलेले असेल तर सावधान. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एक मजेशीर गोष्ट नोंदवली. मालक दिसला की शेपटीचा झोका कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जातो, आणि अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला की डाव्या. मेंदूच्या दोन अर्धांचे काम वेगळे असल्याची ही खूण आहे.

अस्वस्थ कुत्रा पायरीपायरीने बोलतो. आधी मान फिरवतो, नजर टाळतो. समोर खाणे नसताना जिभेने नाक-ओठ चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. कान मागे पाडतो, अंग चोरतो, तिथून उठून जाऊ पाहतो. डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते. मग तो थिजतो. हा थिजण्याचा क्षण महत्त्वाचा, कारण ‘बघा, कसा शांत बसला आहे’ असे आपण नेमके तेव्हाच म्हणतो. त्यानंतर गुरगुरणे. त्यानंतर हवेत दात मारणे. चावणे ही शेवटची पायरी.

यात आपण काय करतो? खालच्या पायऱ्या आपल्याला दिसत नाहीत, आणि गुरगुरला की फटका देतो : ‘मालकावर गुरगुरतोस?’ कुत्रा हुशार असतो. दोन-चारदा मार खाल्ला की तो गुरगुरणे सोडतो. त्याची भीती मात्र तशीच राहते, फक्त सूचना बंद होते. धुराचा इशारा देणारी घंटा आवाज करते म्हणून तिची तार कापावी, तसे हे. मग पुढच्या वेळी तो खरोखरच ‘न सांगता’ चावतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापासून शांतपणे दूर व्हावे, त्याला जागा द्यावी आणि नंतर विचार करावा की त्याला कशाचा त्रास झाला.

याची सगळ्यात मोठी किंमत मुले मोजतात. पाळीव कुत्र्यांनी लहान मुलांना चावण्याच्या घटनांचा अनेक देशांत अभ्यास झाला आहे, आणि चित्र साधारण सारखेच दिसते. कुत्रा ओळखीचा, बहुधा घरातलाच. मूल आपणहून जवळ गेलेले. कुत्रा खात होता, झोपला होता, किंवा मुलाने गळ्यात हात टाकून तोंड त्याच्या तोंडाजवळ नेले होते. मुलांची उंचीच अशी की जखम चेहऱ्यावर आणि मानेवर होते. फोटोसाठी बाळाला कुत्र्याच्या पाठीवर बसवणाऱ्या आईबाबांनी एकदा त्या फोटोत कुत्र्याचे डोळे पाहावेत. नियम सोपा आहे : लहान मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेशिवाय एकत्र सोडायचे नाही, कुत्रा कितीही गरीब असला तरी. आणि मुलाला शिकवायचे की कुत्रा खाताना, झोपलेला असताना आणि पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही.

‘त्याला कळते चूक केली ते’

घरी आल्यावर सोफा फाटलेला. कुत्रा कोपऱ्यात, मान खाली, कान पाडलेले. ‘बघा, चेहऱ्यावरच दिसते!’ न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. खाऊ समोर ठेवून ‘खायचा नाही’ अशी आज्ञा देऊन मालकांना खोलीबाहेर पाठवले. कधी कुत्र्याने खाऊ खाल्ला, कधी नाही. पण मालकाला काय सांगायचे हे प्रयोगकर्त्यांच्या हाती होते. दिसले असे की ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाण्यावर अवलंबून नव्हता. तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. काहीही न खाल्लेले, पण ओरडा मिळालेले कुत्रे तर अधिकच अपराधी दिसत होते. तो चेहरा ‘तू चिडला आहेस, मला मारू नकोस’ एवढेच सांगतो. सोफा फाटून तीन तास झालेले असतील, तर शिक्षेचा संबंध त्याला सोफ्याशी लावता येत नाही. तो मालकाच्या घरी येण्याशी लागतो.

शिक्षेच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला लांडग्यांचा. कळपात एक म्होरक्या असतो, घरात तुम्ही म्होरके व्हा, त्याला दाबून ठेवा, असे अजूनही अनेक ‘ट्रेनर’ सांगतात. ही कल्पना आली बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून. रुडॉल्फ शेंकेल यांनी ते १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना सर्वदूर पोचवली. याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर १९९९ मध्ये लिहिले की नैसर्गिक कळप म्हणजे आई-वडील आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंब. ज्याने कल्पना लोकप्रिय केली त्यानेच ती दुरुस्त केली. आपले ट्रेनर मात्र काटेरी पट्टा घेऊन १९४७ मध्येच उभे आहेत. हवे ते वागणे झाले की लगेच खाऊ किंवा शाबासकी देणे, आणि नको ते वागणे घडण्याची संधीच कमी करणे, ही पद्धत संथ वाटते, पण टिकते आणि भीती मागे ठेवत नाही.

पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाचा पाया घालतो. या काळात भेटलेली माणसे, आवाज, वाहने, मुले त्याला आयुष्यभर ‘नेहमीची’ वाटतात. त्यापैकी पहिले आठ आठवडे आई आणि भावंडांजवळच जायला हवेत. चावण्याचा जोर किती असावा हे पिल्लू त्यांच्याकडूनच शिकते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही ‘लहानपणीच नेले की लळा लागतो’ म्हणत महिन्याभराची पिल्ले सर्रास विकली आणि घेतली जातात.

नाकाने पाहणारा, पंजाने घामेजणारा

कुत्र्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक असतात, आपल्या पन्नास-साठ लाख. त्याला लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत, निळा आणि पिवळा कळतात. म्हणून हिरवळीवर फेकलेला लाल चेंडू तो डोळ्यांपेक्षा नाकाने शोधतो. सकाळच्या फेरीत तो प्रत्येक खांबाशी थांबतो, तेव्हा तो गल्लीतला कालचा पेपर वाचत असतो. आपण मात्र मोबाइल पाहत पट्ट्याला हिसके देतो. रोज अर्धा तास त्याच्या गतीने, त्याच्या नाकाला मोकळीक देत चालणे हे महागड्या खेळण्यांपेक्षा मोलाचे आहे.

आपल्याला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, त्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. दिवाळीच्या रात्री पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्याला ‘भित्रा’ म्हणण्याआधी हे आठवावे. खिडक्या-पडदे बंद करावेत, आतल्या खोलीत अंथरूण द्यावे, फेरी फटाक्यांआधी उरकावी, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन क्रमांक असावा. जवळ घेतल्याने भीती ‘लाडावत’ नाही, म्हणून तो बिलगला तर बिलगू द्यावे. भीती फार असेल, तर सणाच्या काही आठवडे आधी पशुवैद्यांकडे जावे. त्यावर औषधे आहेत.

आणि उष्णता. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, बाकी सारा भार धापा टाकण्यावर. आता नागपूर-जळगावच्या मे महिन्यात सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला हस्की कसा राहत असेल? एसी लावला की प्रश्न सुटला, असे मालकाला वाटते. मग वीज जाते. पग, बुलडॉग, शिह-त्झू यांचा प्रश्न आणखी बिकट. चपटे तोंड गोंडस दिसावे म्हणून माणसाने पिढ्यानपिढ्या त्यांची निवड केली. नाक लहान झाले, आतले मऊ टाळू तेवढेच राहिले, आणि धाप टाकायची वाटच अरुंद झाली. त्याच्या ज्या घोरण्याचे आपण व्हिडिओ काढतो, ती बऱ्याचदा श्वासाची धडपड असते. उन्हाळ्यात फेरी सूर्योदयापूर्वी आणि रात्री. डांबरावर आपला उलटा तळहात काही सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही टेकवू नयेत. बंद गाडीत पाच मिनिटांसाठीही सोडू नये. ऊन लागून तो डळमळू लागला, लाळ गळू लागली, तर आधी साधे पाणी ओतून वारा घालावा आणि मग दवाखान्याकडे धावावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ कडे गेले तर मिनिटे मोजायची असतात.

दूध-पोळी आणि औषधांचा डबा

‘आमचा शुद्ध दूध-पोळीवर वाढला आहे’ हे अभिमानाने सांगितले जाते. पोळी किंवा भात कुत्र्याला विष नाही. स्वीडनमधल्या २०१३ च्या अभ्यासात दिसले की पिष्ट पचवणाऱ्या विकराचे जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक प्रतींत असते. माणसाच्या खरकट्यावर जगता जगता त्याचे पोट बदलले. पण निव्वळ दूध-पोळीत त्याला लागणारी प्रथिने आणि खनिजे पुरेशी नसतात, आणि मोठेपणी अनेक कुत्र्यांना दूध पचतही नाही. अंडी, मांस, मासे किंवा चांगले तयार खाद्य यांची जोड हवी. शिजवलेली हाडे मात्र नकोत, ती टोकदार तुकडे होऊन फुटतात आणि आतडे फाडू शकतात.

काही गोष्टी घरात असतात आणि निरुपद्रवी वाटतात. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात, म्हणजे आपला उरलेला रस्सा बाद. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, म्हणजे प्रसादाचा शिराही नको. चॉकलेटमधले थिओब्रोमिन त्याचे शरीर फार हळू बाहेर टाकते. बिनसाखरेच्या च्युइंगममधले झायलिटॉल रक्तातली साखर झपाट्याने खाली आणते. आणि सगळ्यांत धोकादायक म्हणजे आपला औषधांचा डबा. अंग गरम लागले म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची किंवा पाय दुखतो म्हणून दिलेली आयबुप्रोफेनची गोळी यकृत, जठर, मूत्रपिंड यांच्यावर घाला घालू शकते. त्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते, हे वर आलेच आहे.

न सांगता येणारे दुखणे

कुत्रा दुखणे लपवतो. म्हणून त्याचे ‘नेहमीचे’ काय ते आपल्याला ठाऊक हवे. खाणे निम्म्यावर आले, जिना चढताना थबकू लागला, एकच पाय चाटत राहिला, पाणी फार पिऊ लागला, हात लावू देईना : हे हट्ट नसून लक्षणे असू शकतात. शांत कुत्रा चिडका झाला तर आधी दात, कान आणि सांधे तपासून घ्यावेत, ट्रेनर नंतर. गोचीड ही आपल्या हवामानात बारमाही अडचण आहे. तिच्यामुळे येणाऱ्या तापात हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येऊ शकते, आणि उशीर जिवावर बेततो. आठवड्यातून दोनदा कानांत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली हात फिरवून पाहावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माजानंतरच्या आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. तहान वाढणे आणि सुस्ती ही त्याची खूण. पिल्लांत डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून ठरल्या अंतराने पूर्ण कराव्या लागतात. एक टोचून थांबले तर संरक्षण अर्धवट राहते.

रेबीजबाबत तर तडजोडच नाही. लक्षणे दिसू लागली की हा आजार जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक, आणि वेळेवर उपचार झाला तर जवळजवळ शंभर टक्के टाळता येणारा. तीन महिन्यांच्या पिल्लाला लस, मग पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर. कुत्रा घराबाहेर जात नसला तरीही. कोणताही कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘दहा दिवस कुत्र्याकडे लक्ष ठेवू आणि मग बघू’ हे चूक. लक्ष ठेवायचेच, पण लस आधी सुरू करायची, आणि दिलेल्या सगळ्या तारखा पाळायच्या.

‘एवढे लाड कशाला?’

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला : आजोबांच्या वेळचे कुत्रे शिळ्या भाकरीवर जगले, त्यांचे कुठे काय बिघडले? बिघडत होते. रोगाने अख्खी वेत जात होती आणि त्याला ‘लागण झाली’ एवढेच म्हटले जात होते. शिवाय त्या कुत्र्याला आख्खे आवार होते, सोबतीला दुसरी कुत्री होती, कंटाळा आला तर शेताची वाट होती. आज त्याच प्राण्याला सातशे चौरस फुटांत नऊ तास एकटे ठेवले जाते. त्याचे जग आपण लहान केले आहे, तर त्यात काय असावे याचा विचारही आपणच करायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : माणसांना उपचार मिळत नाहीत तिथे कुत्र्यांची चर्चा कशाला? उत्तर गोव्यात आहे. तिथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले, लोकांना आणि शाळांना शिकवले, आजारी कुत्र्यांवर पाळत ठेवली. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचे आणि माणसांचे त्यापायी होणारे मृत्यू थांबल्याचे २०२२ च्या शोधनिबंधात नोंदले आहे. कुत्र्याला टोचलेली सुई माणसाचा जीव वाचवते. दोघांचे आरोग्य वेगळे काढता येत नाही.

तेव्हा काही गोष्टी ठरवून व्हायला हव्यात. पुणे-मुंबईसह अनेक महापालिकांत कुत्रा पाळायला परवाना लागतो. तो घ्यायला गेल्यावर पावतीबरोबर कुत्र्याच्या देहबोलीचे आणि लसींचे एक चित्रमय पान हाती मिळावे. चौथी-पाचवीच्या वर्गात एक तास ‘कुत्रा काय सांगतो’ यासाठी द्यावा. सोसायट्यांनी लिफ्टवरून भांडण्यापेक्षा लसीच्या नोंदी आणि फेरीच्या वेळा यांवर बोलावे. आणि पशुवैद्यांनी सल्ल्याची एक भेट कुत्रा आणण्याआधी द्यावी, घरांनी ती मागावी : आमच्या घराला, हवेला, वेळेला कोणता कुत्रा मानवेल? अनेकदा प्रामाणिक उत्तर ‘देशी कुत्रा’ असे असेल, कधी ‘इतक्यात कोणताच नको’ असेही असेल. दहा-बारा वर्षांचा शब्द आहे तो. हस्की झेपेना म्हणून महामार्गावर सोडून देण्यापेक्षा आणण्याआधी नाही म्हणणे बरे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आजच करण्यासारखे एक काम आहे. संध्याकाळी दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून नुसते त्याच्याकडे पाहा. हाक मारू नका, खेळवू नका. कोणाच्या येण्याने त्याचे अंग सैल होते, कोणाच्या हाताने तो मान वळवतो, कुठल्या आवाजाला ओठ चाटतो, हे बघा. मग त्याला जवळ बोलवा, छातीवर तीन सेकंद हात फिरवा आणि हात काढून घ्या. तो पुढे सरकला तर त्याला आणखी हवे आहे. जागच्या जागी राहिला किंवा तोंड फिरवले, तर त्याने उत्तर दिले आहे. ते मान्य करा.